चालत्या चौकातला पूल: सोलापूरच्या कामाच्या नोंदी

पुणे–हैदराबाद महामार्ग, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ६५, सोलापूरला खेटून जातो. तिथला एक जुना पूल पाडून नवा बांधायचा, असं हे काम. वरून महामार्ग, खालून शहरातून तुळजापूरकडे जाणारा रस्ता. जुना गाळा, म्हणजे पुलाखालून जायची वाट, एकच आणि अरुंद. एसटी आणि ट्रक समोरासमोर आले की एकाने मागे यायचं, अशी तिथली रीत. उंचीही कमी, त्यामुळे कडब्याच्या गाड्या दर हंगामात छताला घासायच्या. नवा पूल दोन गाळ्यांचा, खाली ५.५ मीटर मोकळी उंची, वर सहा पदर. अट एकच: वाहतूक पूर्ण बंद करायची नाही.

पूल कसा बांधला ते या नोंदींत थोडंच आहे, ते नकाशात असतंच. वाहतुकीचं जास्त लिहिलं आहे, कारण वेळ आणि पैसा तिथे गेला. चौकाचं आणि कंपनीचं नाव घातलेलं नाही. असं काम ज्यांच्या वाट्याला येईल त्यांना नावाचा उपयोग नाही.

४ सप्टेंबर २०२४

वाहनमोजणीचा अहवाल आला. मोटारी, ट्रक, बस, दुचाकी, सगळं तासातासाने मांडलेलं. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेसच्या कोष्टकात मोटार १ धरली की ट्रक-बस ३, ट्रॅक्टर-ट्रॉली ४.५ आणि बैलगाडी ८ धरतात. त्या हिशेबाने महामार्गालगतच्या सर्व्हिस रोडच्या दोन पदरांत सगळं मावतंय.

मोहोळकडच्या आमच्या मुकादमाने अहवाल चाळला आणि विचारलं, "सायेब, यात ऊस कुठं हाय?"

नव्हताच. मोजणी ऑगस्टात झाली, ऊस निघतो दिवाळीनंतर. कांदाही नव्हता, सोलापूरच्या मार्केट यार्डात कांद्याची मोठी आवक डिसेंबर-जानेवारीत असते. म्हणजे ज्या महिन्यांत पूल पाडलेला असणार, त्याच महिन्यांची मोजणी आमच्याकडे नाही. नवी मोजणी करायला हंगाम हवा आणि हंगामापर्यंत थांबता येत नाही. मग दोन वजनकाट्यांच्या मालकांकडून मागच्या हंगामाच्या पावत्या पाहायला मागितल्या. एकाने चहा पाजून परत पाठवलं, दुसऱ्याने वह्याच पुढे ठेवल्या. त्यावरून संध्याकाळी पाच ते रात्री दहा या वेळेचा आकडा नव्याने मांडला. दोन पदर पुरत नाहीत. हैदराबाद बाजूला तिसरा पदर धरावा लागेल.

१९ सप्टेंबर

आज मोठा निर्णय झाला. मूळ आराखड्यात पूल अर्धा-अर्धा पाडायचा होता: आधी डावी बाजू, वाहतूक उजवीवर, मग उलट. कागदावर हे सगळ्यांना आवडतं, कारण महामार्ग वरच राहतो. पण पुलाला जोडणारा मातीचा भराव मधोमध उभा कापायचा तर त्याला आधार हवा. लोखंडी शीट पाइल, म्हणजे जमिनीत ठोकायचे पत्रे, लावायचे, नाहीतर उभ्या कापातून भराव ढासळणार. शेजारून ट्रेलर धावत असताना काँक्रीट फोडणारा ब्रेकर चालवायचा. खालचा तुळजापूर रस्ता तर दोन्ही टप्प्यांत बंदच. म्हणजे त्रास दुप्पट काळ आणि शीट पाइलचा खर्च वेगळा.

त्याऐवजी महामार्ग दोन्ही बाजूंच्या सर्व्हिस रोडवर खाली उतरवायचा आणि पूल एकदम पाडायचा. खालचा आडवा रस्ता चौकात बंद. शहरातून तुळजापूरला जाणाऱ्याने डावीकडे वळायचं, पुढे यू-टर्न घ्यायचा, परत येऊन पुन्हा डावीकडे. सिग्नल नको, कारण महामार्गाचे ट्रेलर सिग्नलवर थांबवले तर रांग पहिल्याच दिवशी पार लांब जाईल. सल्लागारांनी मान्य केलं. यू-टर्नची रुंदी नेहमीच्या नकाशातली घेतली. त्याबद्दल पुढे लिहितो.

२७ सप्टेंबर

सर्व्हिस रोड रुंद करायला घेतले आणि पाऊस आला. सोलापूर दुष्काळी म्हणून ओळखलं जातं, पण इथला सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरातच पडतो, आणि पडतो तो कोसळतो. खाली काळी माती. भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. प्रयोगशाळेत तिची फुगण्याची टक्केवारी पन्नासच्या वर निघाली होती. तरी "तात्पुरता रस्ता आहे, वरचं ढेकूळ काढा आणि मुरूम टाका" असं ठरलं होतं.

टाकला. रोलर फिरवला, छान दिसला. काल रात्रीच्या पावसात मुरूम मातीत गेला. सकाळी आमचाच डंपर अर्ध्या चाकापर्यंत रुतला आणि त्याला ओढायला गेलेली जेसीबी शेजारी बसली. दुपारपर्यंत दोन्ही यंत्रं बाहेर, पण रस्ता नांगरलेला.

८ ऑक्टोबर

दुरुस्ती अशी: काळी माती अर्धा मीटर खोल काढली, जिथे खाली पिवळा मांजरा, म्हणजे मुरमाड थर, लागला तिथेच थांबलो. मुरूम दोन थरांत, प्रत्येक थर वेगळा दाबून. वर खडीचा थर, मग डांबर. दोन्ही कडांना चर, आणि चराचं पाणी नाल्यात जाईल असा ह्यूम पाइप, म्हणजे सिमेंटचा मोठा पाइप. पहिल्यांदा पाइप टाकले नव्हते, कारण नाला कोरडा दिसत होता. सोलापुरात नाला कोरडा दिसला म्हणून पाइप वाचवू नका.

मुरूम जवळपास दुप्पट ब्रास लागला. रॉयल्टीच्या, म्हणजे मुरमावरच्या सरकारी शुल्काच्या, पावत्या प्रत्येक डंपरसोबत ठेवा. एका संध्याकाळी तपासणीत पावतीविना गाडी सापडली आणि ती सुटेपर्यंत मुरमाचं काम बंद राहिलं.

१३ ऑक्टोबर

काल दसरा. पोलीस चौकीवर बसून कोजागिरीचं ठरवलं. कोजागिरीला सोलापुरातून आणि त्याआधी कर्नाटकातून हजारो माणसं तुळजापूरला चालत जातात, साधारण पंचेचाळीस किलोमीटर. त्या दिवसांत तुळजापूर रस्ता वाहनांना बंद करतात. आमच्या आराखड्यात हे एका ओळीत होतं: "तुळजापूर बाजू बंद, काम करण्यास संधी."

संधी नव्हती. तुळजापूरकडची वाहनं बंद झाली की ती बोरामणी-इटकळ बाजूने वळवतात, म्हणजे आमच्याच चौकातून हैदराबाद बाजूला. चौकाचा एक हात बंद झाला की त्याचा भार शेजारच्या हातावर. शिवाय पायी जाणारी माणसं रात्री चालतात, ऊन टाळून. उघडे चर, सळ्या, खडीचे ढीग, सगळं त्यांच्या वाटेत. सगळं काम थांबवलं. चर झाकले, खडी उचलली, पायी जाणाऱ्यांसाठी जुन्या गाळ्यातून एक बाजू दोरीने राखून ठेवली आणि तिथे रात्रभर हॅलोजन लावले.

१८ ऑक्टोबर

कोणी पडलं नाही, कोणी धडकलं नाही. दोरी मात्र पहिल्याच रात्री निकामी झाली. माणसं दोरी पाळत नाहीत, ती जिथे उजेड आहे तिथून चालतात. नंतर दोरी सोडून दिली आणि हॅलोजनच्या जागा बदलून गर्दी हवी तिकडे वळवली. हे तंत्र आम्ही पुढे सगळीकडे वापरलं. उजेड ठेवला तिथे पायी माणूस येतो, अंधार ठेवला तिथे येत नाही. त्याला फलक लागत नाही.

शेजारच्या गल्लीतल्या तेलुगू मावशींनी चालणाऱ्यांसाठी पाण्याचा पिंप ठेवला होता. पुढे तो आमच्या मजुरांचाही झाला.

७ नोव्हेंबर

सर्व्हिस रोड तयार. वाहतूक खाली उतरवायची तर वाहतूक पोलीस हवेत, आणि विधानसभेच्या निवडणुकीमुळे सगळे बंदोबस्तात. मतदान २० तारखेला, मोजणी २३ ला. मनुष्यबळ त्यानंतर मिळेल, असं सांगितलं. यंत्रं उभी, भाडं चालू.

त्यातून एक कळलं जे आधी विचारायला हवं होतं. चौकाची शहराकडची बाजू सोलापूर पोलीस आयुक्तालयात येते, पलीकडची ग्रामीण पोलिसांकडे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खालची वाहतूक वळवण्याची अधिसूचना दोन्ही हद्दींसाठी वेगळी लागते, आणि दोन्हींची तारीख एकच हवी. आमचा अर्ज एकाच कार्यालयात पडून होता. शहराच्या हद्दीवरचं काम असेल तर पहिल्या दिवशी नकाशावर हद्द काढा आणि दोन अर्ज करा.

२७ नोव्हेंबर

रात्री वाहतूक खाली उतरवली. नियमानुसार फलक एक किलोमीटर आधीपासून, मग पाचशे मीटर, मग दोनशे, मग पदर निमुळता करणारे ड्रम. सकाळी सहाला पुणे बाजूला रांग. फलक कोणी वाचतच नाही, अशी फ्लॅगमनची, म्हणजे झेंडी दाखवणाऱ्या माणसाची, तक्रार.

मोटारसायकलवर बसून स्वतः त्या बाजूने आलो. एक किलोमीटरचा फलक ढाब्यासमोर होता. रात्री ढाब्यावर ट्रक उभे राहतात, दोन ओळींत. फलक त्यांच्या मागे, टायर सोडून काही दिसत नाही. पाचशे मीटरचा दिसतो, पण त्यावर इतकं लिहिलेलं की वाचून होईपर्यंत ड्रम आलेले. आणि चालक कोण? आंध्र-तेलंगणचे, कर्नाटकचे, उत्तरेचे. "पुढे रस्त्याचे काम चालू आहे, कृपया सहकार्य करावे" हे कुणासाठी लिहिलं होतं, देव जाणे.

दुपारपर्यंत बदललं. ढाब्यासमोरचा फलक काढून मधल्या दुभाजकात उंच खांबावर लावला. मजकूर पुसून मोठा बाण, खाली "३०" आणि एक शब्द: हळू. शहरासाठी डावा बाण, हैदराबादसाठी सरळ, दोन्ही निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत, मराठी आणि इंग्रजी. ढाब्याच्या मालकाला भेटून रात्रीच्या गाड्या मागच्या पटांगणात घ्यायला सांगितल्या. त्याने सोबत पटांगणात मुरूम टाकून मागितला. टाकला. एका डंपरचा मुरूम आणि रांग निम्मी.

४ डिसेंबर

आता यू-टर्न.

ऊस सुरू झाला. पहिल्याच संध्याकाळी ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, शहर बाजूहून आला, डावीकडे वळला, यू-टर्नला आला आणि अडकला. ट्रॅक्टर वळतो, पहिली ट्रॉली थोडी आत कापते, दुसरी त्याहून आत. दुसऱ्या ट्रॉलीचं चाक दुभाजकाच्या टोकावर चढलं आणि ऊस एका बाजूला कलला. मागे ट्रेलर, बस, रुग्णवाहिका. क्रेन येईपर्यंत ट्रॅक्टरवाल्याने ध्वनिक्षेपकावरचं गाणं बंद केलं नाही. त्याला ओरडायला गेलो तर तोच म्हणाला, "सायेब, म्होरलं चाक तुमच्या रेषेतच हाय की. मागच्या ट्रॉलीला रेष कुठली दिलीय तुमी?"

बरोबर होतं. यू-टर्नचा नकाशा एका ट्रकच्या वळणावर काढलेला. आम्ही रात्री खडूने रस्त्यावरच वळण काढलं: त्याच ट्रॅक्टरवाल्याला रिकाम्या दोन ट्रॉल्या घेऊन बोलावलं, हळू वळायला सांगितलं आणि शेवटच्या चाकामागे चुन्याची फक्की टाकत चाललो. ती पांढरी ओळ म्हणजे खरा नकाशा. तिच्याबाहेर अर्धा मीटर सोडून बॅरिकेड मागे घेतले आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूला रस्ता रुंद केला. मजूर त्याला "पोट" म्हणायला लागले. दोन्ही यू-टर्नला पोटं काढली. ट्रॅक्टरवाल्याला त्या रात्रीची हजेरी आणि डिझेल दिलं, आणि हा आमचा सगळ्यात स्वस्त सर्वेक्षण खर्च होता.

प्लास्टिकचे लाल-पांढरे बॅरिकेड उसाच्या ट्रॉलीपुढे टिकत नाहीत. वळणावर पाणी भरलेले ठेवले, ते फुटले. शेवटी सिमेंटचे जर्सी अडथळे ठेवले, पण वळणाच्या आतल्या बाजूला नाही. तिथे ट्रॉली घासली तर प्लास्टिक फुटलेलं परवडतं, ट्रॉली उलटलेली नाही.

६ डिसेंबर

रात्री एक छोटा टेम्पो उसाच्या ट्रॉलीला मागून धडकला. टेम्पोवाल्याचा पाय मोडला. ट्रॉलीला मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, फडकं बांधलेलं. आमच्या कामाच्या पट्ट्यात दिवे आहेत म्हणून आत ठीक. पट्टा संपतो तिथे उजेडातून अंधारात गेल्यावर समोरचं काही दिसत नाही.

उद्यापासून दोन मुलं यू-टर्नवर उभी. ट्रॉली हळू झाली की मागच्या फळीला लाल-पांढरी चकाकती पट्टी चिकटवायची. कोणी नाही म्हणत नाही. पट्टीचा गठ्ठा काही हजारांत येतो. आमच्या टेंडरमध्ये हे कुठल्याच बाबीत बसत नव्हतं, "सुरक्षा साहित्य" खाली घातलं. पट्टा संपतो त्या दोन्ही टोकांना उजेड हळूहळू कमी होईल असे दिवे वाढवले.

१४ डिसेंबर

पूल पाडला. दोन पोकलेन ब्रेकरसह, दोन्ही बाजूंनी, मधे पत्र्याची उंच भिंत. धुरळा सोडला तर विशेष काही नाही. पाडकाम सगळ्यांना बघायचं असतं: दुचाकीवाले सर्व्हिस रोडवर थांबून मोबाइल काढायचे, त्यांच्यामुळे रांग. पत्र्यावर हिरवी जाळी लावून दिसणं बंद केलं आणि रांग गेली.

२९ डिसेंबर

कांदा. आवक इतकी वाढली की मार्केट यार्डाच्या दारातली रांग महामार्गावर आली आणि आमच्या सर्व्हिस रोडचा डावा पदर कांद्याच्या गाड्यांनी भरला. गाड्या शिस्तीत उभ्या, चालक खाली झोपलेले. ही वाहतूक नाही, हा तळ आहे. पोलीस येतात, पुढे ढकलतात, पाच मिनिटांत जागा पुन्हा भरते.

बाजार समितीच्या लोकांसोबत बसलो. त्यांचंही बरोबर: शेतकरी रात्री निघतो, पहाटे लिलावाला नंबर लागावा म्हणून. आम्ही हैदराबाद बाजूची आमची कास्टिंग यार्डाची, म्हणजे पुलाच्या तुळया (गर्डर) ओतायची, मोकळी जागा दिली, तिथे गाड्या थांबवायच्या आणि टोकन घेऊन सोडायच्या. तीन रात्री टोकनचा गोंधळ, मग बसलं. आमच्या यार्डातली जागा गेल्यामुळे गर्डर ओतायचं काम मागे पडलं. तरी हाच सौदा फायद्याचा.

१७ जानेवारी २०२५

सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा. नंदीध्वजांची मिरवणूक, अक्षता सोहळा, होम, शोभेचं दारूकाम. शहरातले रस्ते वळवलेले, जड वाहनं बाहेर. आमचे निम्मे मजूर सोलापूरचे, ते कोणी काही म्हणालं तरी येणार नव्हते. हे दिवस वेळापत्रकात आधीच कोरे ठेवले होते, म्हणून नुकसान नाही. गड्ड्याला काम लावून उशीर झाला म्हणून ओरडणारे इंजिनियर दरवर्षी दिसतात.

याच दिवसांत ब्लिंकरच्या, म्हणजे इशाऱ्याच्या लुकलुकत्या दिव्यांच्या, बॅटऱ्या चोरीला गेल्या, एका रात्रीत ओळीने. बॅटरी भंगारात काहीशे रुपयांना जाते, आम्हाला दीड-दोन हजारांना पडते, आणि ब्लिंकर बंद असलेली रात्र त्याहून महाग. पेटी खांबाच्या टोकाला वेल्ड केली, कुलूप नाही, झाकणच वेल्ड. बॅटरी बदलायची वेळ आली की ग्राइंडर. पिवळ्या दिव्यांसोबत डांबराचे रिकामे ड्रम काँक्रीट भरून, लाल-पांढरे रंगवून ठेवले. ते कोणी नेत नाही.

१२ फेब्रुवारी

उलट्या दिशेने येणारे दुचाकीवाले. यू-टर्न लांब, पलीकडचं दुकान समोर दिसतंय, माणूस उलटा येणारच. बॅरिकेडची साखळी दररोज तोडलेली. आम्ही दररोज जोडायचो. फ्लॅगमन काठी घेऊन उभा केला तर भांडणं. "का बे, तुझ्या बापाचा रस्ता हाय का?" ही त्यातली सौम्य.

हजेरी मोजली तर ही साखळी राखायला रोज दोन माणसं लागतात. ६०० रुपये हजेरी धरा. त्या पैशात वाट काढता येते. पाडलेल्या पुलाच्या जागी, नव्या खांबांच्या पायाला लागून, फक्त दुचाकी आणि पायी माणसांसाठी पट्टा उघडला: रुंदी दीड मीटर, दोन्ही तोंडांना लोखंडी खांब रोवून, रिक्षा आत जाऊ नये इतकं अंतर. वर जाळीचं छत, कारण वर काम चालू. गर्डर चढवायच्या रात्री तेवढा पट्टा बंद.

साखळी तोडणं थांबलं. सुरक्षा अधिकाऱ्यांना हा पट्टा आवडला नव्हता, आणि कामाच्या खालून माणसं न्यायला त्यांचा विरोध चुकीचा नव्हता. पण उलटं येणं जास्त धोक्याचं, हे त्यांनी एका संध्याकाळी तिथे उभं राहून पाहिलं आणि सही केली.

मार्च, पहिला आठवडा

गर्डर. एकेक साधारण ३५ टन, दोन क्रेनांनी उचलायचे. पहिल्या रात्री दोन्ही बाजूंचे पोलीस आले, ट्रेलर आले, क्रेन आल्या, आणि क्रेनचा बूम, म्हणजे लांब हात, उभा केल्यावर लक्षात आलं की शेजारची वीजवाहिनी फार जवळ आहे. वाहिनी बंद ठेवायची परवानगी घेतलेली होती, पण पुढच्या आठवड्याची. क्रेनचं रात्रीचं भाडं गेलं, पोलिसांची रात्र गेली. पुन्हा मागायला गेलो तेव्हा स्वाभाविकच सगळे रागावलेले.

आता एक कागद भिंतीवर: एका रात्रीला कोणकोणत्या परवानग्या लागतात, त्यांच्या तारखा एकमेकांसमोर. आयुक्तालय, ग्रामीण पोलीस, वीज, रुग्णवाहिकेची वाट, क्रेन. पाचही रकान्यांत एकच तारीख दिसेपर्यंत क्रेनवाल्याला फोन नाही.

२४ मार्च

सगळे गर्डर बसले. वाहतूक रात्री थोड्या थोड्या वेळासाठी थांबवली, मधे सोडली. थांबवताना पहिलं वाहन कोणतं ठेवायचं हे फ्लॅगमनने निवडायचं: पहिला ट्रक ठेवा, खासगी बस नको. बसचा चालक शिट्ट्या मारतो आणि प्रवासी उतरून पट्ट्यात फिरतात. ट्रकवाला इंजिन बंद करून झोपतो, मग सोडताना त्याला उठवावं लागतं, पण ते सोपं.

२० एप्रिल

स्लॅब. तापमान ४० च्या वर. पहिला छोटा तुकडा सकाळी ओतला, दुपारी त्यावर कोरड्या वाऱ्याने बारीक भेगा आल्या, कोळ्याच्या जाळ्यागत. तो तुकडा घासून दुरुस्त केला, आणि त्यानंतर दिवसा एक घमेलंही ओतलं नाही. रात्री अकरानंतर सुरुवात, सूर्य वर यायच्या आत शेवटचा ट्रक रिकामा. मिक्सरमध्ये बर्फाचं पाणी, खडीच्या ढिगावर सावली आणि पाण्याचा फवारा. ओतून झालं की लगेच फवारणी, मग ओलं गोणपाट.

मिक्सरचे ट्रक रात्री सर्व्हिस रोडवरून येणार आणि रात्रीच ट्रेलर जास्त. मिक्सर रांगेत अडकला की काँक्रीट घट्ट होतं. त्यामुळे मिक्सरला शहराच्या बाजूने आत घ्यायचं, जिथे रात्री वाहतूक नसते. शहरात जड वाहनांना रात्री प्रवेश असल्याचा आम्हाला फायदा झाला. वाटेतल्या सोसायटीतल्या लोकांना नाही झाला, त्यांनी आवाजाबद्दल तक्रार केली. रिव्हर्सचा भोंगा बंद करता येत नाही, म्हणून मिक्सर उलटा घ्यावा लागणार नाही असा फेरा काढला.

पाण्याचं सांगायला हवं. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. पुलाला दिवसभर पाणी मारणारा टँकर शेजारच्या वस्तीला दिसतो. आम्ही विहिरीचं पाणी तपासून घेतलं आणि टँकरवर मोठ्या अक्षरांत "बांधकामाचे पाणी, पिण्यास अयोग्य" लिहिलं. तरी रोज दोन-चार घागरी लावलेल्या असायच्या. वापरायला न्या, पिऊ नका, असं सांगून भरू दिल्या.

१६ जून

आषाढी ६ जुलैला. शेगावहून येणारी गजानन महाराजांची पालखी तुळजापूर, उळे करत सोलापुरात येते, म्हणजे आमच्याच तुळजापूर बाजूने. खालचे दोन्ही गाळे तोवर मोकळे हवेत, ही तारीख काही पुढे ढकलता येत नाही. वरचा रस्ता अजून अर्धा बाकी. म्हणून क्रम उलटा केला: आधी खालचं काँक्रीट, कडेची गटारं, दिवे, वरचा डांबराचा शेवटचा थर पालखीनंतर. सल्लागारांना वरची वाहतूक आधी वर न्यायची होती, कारण अहवालात तेच दिसतं. कोजागिरीचा अनुभव सांगितल्यावर मान्य झालं.

पावसाची पहिली मोठी सर आली. ऑक्टोबरात टाकलेल्या पाइपांतून पाणी गेलं, सर्व्हिस रोड उभा.

१९ जुलै

पालखी खालून गेली. आठवड्यानंतर पुण्याहून हैदराबादकडची बाजू वर नेली, काल दुसरी बाजूही. वर नेताना खाली उतरवताना लावलेलेच फलक उलट क्रमाने काढले: आधी वरचा रस्ता उघडला, मग ड्रम, सगळ्यात शेवटी एक किलोमीटरचा फलक. घाईत तो आधी काढला तर लोक जुन्या सवयीने सर्व्हिस रोडवर शिरतात. एक पूर्ण सकाळ बरेच ट्रक तसेच गेले.

नकाशात यू-टर्नची पोटं उखडून मूळ कड परत करायची होती. ट्रॅक्टरवाल्यांनी आणि मार्केट यार्डाच्या हमालांनी अर्ज दिला की राहू द्या. हैदराबाद बाजूचं पोट राहतंय, तिथे दिवा कायमचा केला. पुणे बाजूचं काढलं, तिथे शेजारच्या शाळेसमोर रुंद वळण ठेवलं तर वाहनं वेग घेतील. शिल्लक जर्सी अडथळे विजापूर रोडच्या पुढच्या कामाला गेले. चकाकत्या पट्टीचे उरलेले गठ्ठे वजनकाट्यावर दिले आहेत, हंगाम सुरू झाला की ट्रॉली काट्यावर आली की लावतील.